जस्टिनचा धूर

दयाबाई त्रिभुवनांनी आयुष्यात कधी कार्टून पाहिलं नव्हतं. जस्टिन लहान असताना टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अरे, आवाज कमी कर!" त्या जगाशी त्यांचा संबंध तेवढाच. साठीला टेकल्यावर आपण रोज दुपारी जेवणाची भांडी आवरून, चष्मा पदराला पुसून, जपानी पोरं हातातून जाळ काढताना बघत बसू, असं पूर्वी कुणी सांगितलं असतं, तर बाईंनी त्याला अंगठे धरून उभं केलं असतं.

पण एका शनिवारी जस्टिनचा मेसेज आला. 'आई, आमची मालिका लागली. बघ, आणि कशी वाटली ते सांग. खरं सांग.'

जस्टिन त्यांचा एकुलता एक. पुण्याला चित्रकला शिकला, तिथेच जपानी भाषेचा नाद लागला, आणि टोकियोच्या बाहेर एका छोट्या स्टुडिओत कामाला लागला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिकडे हलत्या चित्रांच्या मालिका करतात. मोठे चित्रकार मुख्य चित्रं काढतात आणि त्यांच्या मधली, म्हणजे हात उचलल्यापासून तो खाली येईपर्यंतची, बारीकसारीक चित्रं जस्टिनसारखी पोरं काढतात. एवढं दयाबाईंना समजलं होतं. त्यापलीकडे त्या विचारत नसत. विचारलं आणि समजलं नाही, तर त्याला पुन्हा सांगावं लागेल, आणि त्याला वेळ कुठे असतो?

फोन रविवारी यायचा. चर्चमधून येऊन त्या साडी बदलतात न बदलतात तोच.

"जेवलीस?"

"आता बसेन. तू?"

"झालं माझं."

"थंडी आहे का रे?"

"नाही गं, इकडे पण उन्हाळाच आहे. गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

मग दोघंही गप्प. मग "चल, ठेवतो," आणि कोल्हारच्या त्या घरात पुन्हा हायवेवरून शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. बेंजामिन होते तेव्हा असं नव्हतं. ते साखर कारखान्याच्या आगीच्या बंबाचे ड्रायव्हर. जन्मभर घंटेवर ओरडून बोलायची सवय, फोनवरही तसेच बोलायचे. जपानपर्यंत आवाज पोचवायचा तर तेवढा लागतोच, असं त्यांचं म्हणणं. ते गेले करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हृदयविकाराने. येण्याजाण्याचे सगळे रस्ते तेव्हा बंद होते. जस्टिनने बापाची माती मोबाईलवर पाहिली. फोन धरणाऱ्याचा हात मध्येच अवघडला आणि पडद्यावर बराच वेळ नुसतं आभाळ दिसत राहिलं. त्याबद्दल मायलेक नंतर कधी बोलले नाहीत.

शेजारची ज्ञानेश्वरी घरी शिवणकाम करायची. तिने येऊन टीव्हीला मोबाईल जोडून दिला.

"बाई, हे दाबलं की थांबतंय, हे दाबलं की चालू. काय अवघड न्हाई." ती दहा मिनिटं बसली, मग पदर सावरत उठली. "लई जाळ हाय ओ यात! आन् ही पोरं एवढी वरडत्यात कशापायी? तुमीच बघा, माझे ब्लाउज राह्यल्यात."

मालिकेच्या नावाचा अर्थ 'राखेखालची चौकी', असं जस्टिनने कळवलं होतं. गोष्ट अशी: एका मोठ्या शहरात विनाकारण आगी लागू लागतात. प्रत्येक आगीच्या पोटात एक काळी आकृती असते. ती पाण्याने विझत नाही आणि ती विझल्याखेरीज आग विझत नाही. मग लहानपणी आगीतून वाचलेल्या माणसांची एक चौकी उभी राहते, कारण ज्या आगीने त्यांना सोडलं, तिचा अंश त्यांच्या अंगात राहिलेला असतो. तेप्पेई नावाचा पोरगा ज्वाळा लोकरीसारख्या हातावर गुंडाळून घेतो. कोहारू नावाच्या पोरीला आगीत अडकलेल्यांचे आवाज लांबून ऐकू येतात. मिसाओ नावाची एका डोळ्याची बाई त्यांची प्रमुख. ती धुरातून श्वास न घेता चालत जाते.

पहिला भाग संपला तेव्हा दयाबाईंचं डोकं दुखत होतं. खाली इंग्रजी अक्षरं यायची ती वाचेपर्यंत वर कुणीतरी भिंतीतून आरपार गेलेलं असायचं. पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलेली बाई. अक्षरांना त्या भिणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच भाग थांबवत थांबवत पुन्हा पाहिला.

रविवारी फोन आला.

"बघितलीस?"

"बघितली. छान आहे."

"आई, 'छान' म्हणजे काय? मुलांच्या निबंधाखाली तू नुसतं 'छान' लिहायचीस का?"

"नाही लिहायचे."

"मग?"

दयाबाई खुर्चीत सावरून बसल्या. "मग ऐक. आग फार चांगली काढली आहे. कापडाच्या दुकानाची आग वेगळी, तेलाच्या डब्यांची वेगळी. कापडाची कशी भुरूभुरू वर जाते आणि तेलाची अंगावर येते. ज्याने काढली त्याने आग बघितलेली आहे. आणि आग लागायच्या आधी सगळे आवाज बंद होतात, घड्याळाचासुद्धा, ते मला आवडलं. माझ्या अंगावर काटा आला."

"आणि वाईट?"

"वाईट म्हणजे, समोर घर जळतंय आणि हा तेप्पेई उभा राहून आपण काय करणार आहोत ते समजावून सांगतो. आधी विझव ना बाबा! मग सांग."

पलीकडे जस्टिन हसला. दयाबाईंनी फोन कानावर घट्ट दाबला. ते हसू त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"अजून?" तो म्हणाला.

"ती कोहारू. प्रत्येक मारामारीत तिचाच कोट बरा फाटतो? बाकीच्यांना काय वेगळं कापड दिलंय?"

"आई, ते... इकडे तसं चालतं. बघणारी पोरं असतात."

"चालतं म्हणून चांगलं होतं का? एवढी गुणी पोर, लोकांचे आवाज ऐकणारी, आणि तिला नुसती दाखवायला उभी केली. मी मार्क कापले."

त्या दिवशी भात गार झाला. फोन ठेवला तेव्हा दयाबाईंच्या लक्षात आलं की 'जेवलीस का' हे त्याने विचारलंच नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

त्यानंतर त्यांनी मालिका पुरवून पुरवून बघायला घेतली. सगळे भाग एकदम आलेले, मनात आणलं असतं तर चार दिवसांत संपले असते. पण संपले तर रविवारी बोलायचं काय? म्हणून त्या एका आठवड्याला दोनच भाग बघत आणि तेच पुन्हा पुन्हा बघत. भाजी निवडताना तेप्पेईवर विचार करत. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना एकदा त्यांना एकदम सुचलं की मालिकेची खरी अडचण काय आहे, आणि शेजारच्या बाईने वळून पाहावं इतक्या मोठ्याने त्या "हं" म्हणाल्या.

"भीती संपत चालली आहे," त्यांनी जस्टिनला सांगितलं. "पहिल्या भागात तेप्पेई थरथरत होता. आता त्याला रोज नवी ताकद मिळते. ज्याला आग पोळतच नाही त्याने ती विझवली, त्यात काय मोठं? तुझे पप्पा भ्यायचे. बंब सुरू करताना त्यांचे ओठ पांढरे पडायचे."

"पप्पा? पप्पा भ्यायचे?"

"तुला नाही दिसू दिलं."

जस्टिन वाद घालायचा. ताकद वाढत गेली नाही तर पोरं बघणार नाहीत, म्हणायचा. दयाबाई म्हणायच्या, पोरांना बावळट समजू नये. त्याला कमीपणा वाटू नये म्हणून त्या चांगलंही शोधून ठेवायच्या आणि ते खरोखर सापडायचं. आग विझल्यावर चौकीतली सगळी माणसं एका टेबलाशी बसून काही न बोलता शेवया खातात, तो प्रसंग त्यांना फार आवडला होता. मिसाओ तर त्यांना आपल्या जुन्या मुख्याध्यापिकेसारखीच वाटायची. कमी बोलणारी आणि शब्दाला वजन असलेली.

एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, "यात तू काढलेलं कुठलं रे? मी सारखी आग आग करते, ती तुझी ना?"

"आग मोठे लोक काढतात, आई. मला धूर असतो."

"नुसता धूर?"

"नुसता धूर."

दयाबाईंना शरमल्यासारखं झालं. इतके भाग पाहिले आणि धुराकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. सोमवारी त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा लावलं. या खेपेला माणसांकडे बघायचं नाही, जाळाकडे बघायचं नाही, असं ठरवून त्या फक्त धूर बघत बसल्या. तिसऱ्या भागात एका गोदामाच्या दाराखालून धूर बाहेर येतो. वर जात नाही. जमिनीला धरून, जड, पिवळट, कुत्र्यासारखा वास घेत घेत पुढे सरकतो, पायरीशी थबकतो आणि मग उठतो. दयाबाईंनी तो तुकडा थांबवला. कारखान्याच्या मागे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडांचा, ढीग आतून पेटायचा तेव्हा असाच धूर यायचा. जाळ दिसायच्या कितीतरी आधी. जस्टिन चौथी-पाचवीत असेल. बेंजामिनना डबा द्यायला ती दोघं जायची आणि हा पोरगा डबा सोडून त्या धुराकडे बघत उभा राहायचा.

"बगॅसचा आहे ना तो?" रविवारी त्यांनी विचारलं.

जस्टिन म्हणाला, "हो. वरच्या माणसाने तीनदा परत पाठवला. धूर असा चालत नाही म्हणे. मी म्हटलं, मी बघितलाय."

एवढं सुख दयाबाईंना पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. आणि सुखाने माणूस अधाशी होतो म्हणतात, तसं झालं.

त्या आठवड्यात सहादेवभाऊ आले. बेंजामिनच्या बरोबर बंबावर असलेला, पायाने अधू झालेला माणूस. महिन्या-दोन महिन्यांनी पेरू नाहीतर सीताफळं घेऊन यायचे आणि ओट्यावर टेकायचे. दयाबाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि मालिका लावली. वाटलं, हे आता चुका काढतील. पण सहादेवभाऊ चहा विसरून बघत राहिले.

"वैनी, ह्ये लई भारी हाय," ते म्हणाले. "नुसतं हाताला गुंडाळलं का झालं! आपल्याला आसं जमलं आस्तं, तर बेंजामिनभाऊ आन् मी रात्र रात्र त्या ढिगावर कशाला काढली आस्ती?" आणि त्यांनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं की कशाने, ते दयाबाईंना कळलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारा बंबवाला आला. त्याला नाव नव्हतं, एक वाक्यही नव्हतं. पाईप गुंडाळून झाल्यावर तो डावा खांदा पाडून गाडीकडे चालत गेला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर दोनदा आपटली आणि वर चढला.

"आरं!" सहादेवभाऊ म्हणाले. "ह्यो तर..."

दयाबाईंनी आधीच थांबवलं होतं. बेंजामिन असेच चढायचे. टोपी, दोनदा, मांडीवर. सहादेवभाऊ गेल्यावर त्यांनी तेवढंच किती वेळा पाहिलं याला गणती नाही. पोराने बापाला तिकडे नेऊन ठेवलं होतं. मातीला येता आलं नाही, तर हे केलं होतं त्याने. दयाबाईंनी गुडघे दुखत असताना गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली.

रविवारी आपण किती हळू बोलायचं, कसं विचारायचं, हे सगळं त्यांनी योजून ठेवलं होतं. ऐनवेळी एवढंच निघालं, "जस्टिन, मी पाहिले रे त्यांना."

"कुणाला?"

त्यांनी सांगितलं. खांदा, टोपी, सगळं.

"आई," तो म्हणाला, "तो मी नाही काढला. तो भाग ओसाकाच्या दुसऱ्या स्टुडिओकडे होता. मी त्या लोकांना ओळखतपण नाही."

"पण टोपी?"

"पप्पा टोपी आपटायचे?" जस्टिन म्हणाला. "माझ्या लक्षातच नव्हतं गं."

दयाबाईंनी "असू दे, असू दे" म्हटलं. म्हटलं, तिकडेही कुणाचा तरी बाप तसा चालत असेल. पण फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. तो म्हातारा खोटा निघाला याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. बेंजामिनची ती टोपी आता जगात आपल्याला आणि सहादेवभाऊंना, दोघांनाच आठवते, हे मात्र त्यांना लागलं.

कदाचित त्याचाच राग असेल. पुढच्या खेपेला बोलताना त्यांचा सूर चढला.

"मोठी चूक सांगू का? तेप्पेईची आई. पहिल्या भागात दहा मिनिटांत मारली. कशासाठी? तर ह्याला रडता यावं म्हणून. एकदा रडला, ताकद मिळाली, की झालं. पुढे एवढे भाग झाले, शहरभर उड्या मारतो, पण तिच्या कबरीकडे एकदाही गेला नाही. गावाकडे वळून बघितलंसुद्धा नाही त्याने."

"आई, ती गोष्टच वेगळी आहे. त्याला जग वाचवायचंय."

"वाचवू दे की. पण वाटेत एक रविवार नाही मिळत?"

जस्टिन म्हणाला, "हे तू मालिकेबद्दल बोलतेयस की माझ्याबद्दल?"

"मालिकेबद्दल," दयाबाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनाच खात्री वाटेना.

"ठेवतो," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. 'काम आहे' असा मेसेज आला. त्याच्या पुढच्या रविवारी तोही नाही. दयाबाई चर्चमधून रिक्षाने घरी यायच्या, फोन टेबलावर उलटा नाही ना ते बघायच्या, आणि साडी न बदलता बसायच्या. ज्ञानेश्वरी डोकावली. "बाई, तुमची ती जाळाची शिरेल संपली का?" त्यांनी नाही म्हटलं. पुढचे भाग राहिले होते. पण आता बघून सांगायचं कुणाला? टीव्हीवर धूळ साचली. प्रवरेवरून वारा यायचा, खिडकी वाजायची आणि त्या उठून कडी लावायच्या. एवढीच घरात हालचाल.

शेवटी एका दुपारी त्यांनी मालिका लावली. निदान सुरू केलेलं पुरं करावं, ही जुनी शिस्त. सतरावा भाग. मोठी इमारत पेटली होती, मिसाओ धुरात शिरत होती. दयाबाई सवयीने धुराकडे बघत होत्या आणि बघता बघता पुढे सरकून बसल्या. काहीतरी बिघडलं होतं. त्यांनी मागचा भाग लावला, मग पुन्हा हा. अठरावा पाहिला. एकोणिसावा पाहिला. मग फोन उचलला. आपण होऊन त्या त्याला कधी फोन करत नसत, तो कामात असेल म्हणून. त्या दिवशी केला.

फोन उचलला गेला तेव्हा मागे पट्ट्यावरून काहीतरी सरकल्याचा आणि डबे आपटल्याचा आवाज येत होता.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तुझ्या स्टुडिओत एवढी भांडी कसली वाजतात रे?"

"मी... मी नंतर करतो. सुटल्यावर."

त्याने खरंच केला. इकडे दिवेलागणी झाली होती.

"त्या दिवशी मी तसा फोन ठेवला ना," तो सुरू झाला.

"ते राहू दे. मला मालिकेबद्दल बोलायचंय."

"आत्ता?"

"सतराव्या भागापासून धूर बिघडलाय."

पलीकडे चालणारी त्याची पावलं थांबली.

"आधी कसा जमिनीला धरून यायचा, थांबायचा, मग उठायचा. आता नुसता गादीतून कापूस निघाल्यासारखा वर जातो. सगळ्या आगींचा एकच धूर. कुणीतरी उरकून टाकलाय. तू असा उरकणार नाहीस. म्हणून विचारते, जस्टिन. तू आहेस कुठे?"

मग ते बाहेर आलं, तुकड्या तुकड्यांनी. गेल्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या मनगटाने दगा दिला. आधी मुंग्या, मग कळा. रात्रंदिवस चित्रं काढून काढून हे तिकडे अनेकांचं होतं. तो मनगटाला पट्टा बांधून काढत राहिला, मग रेघ हलायला लागली. स्टुडिओने वाट पाहिली, मग दुसऱ्याला काम दिलं. आता तो एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायचा. भाताच्या शेजारी लोणचं ठेवायचं, डब्यांचा पट्टा पुढे सरकतो, पुढच्या डब्यात लोणचं ठेवायचं.

"दुखतो का अजून हात?" दयाबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"लोणचं ठेवण्याइतका बरा आहे."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होतो? मालिका लागेपर्यंत थांबू म्हटलं. म्हटलं, निदान तू ती बघावीस. इथे मी कुणाला सांगू, तो गोदामाचा धूर माझा आहे म्हणून? माझ्या शेजारी उभं राहून भात भरणारी बाई व्हिएतनामची आहे. आम्हाला एकमेकांचं नावही धड घेता येत नाही."

"घरी ये," दयाबाई म्हणाल्या.

"येऊन काय करू, आई?"

जन्मभर पोरांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत आलेल्या बाई. चित्रकलेचे वर्ग, शाळेतली नोकरी, नगरला कुणाची तरी ओळख, सगळं ओठांवर आलं आणि ते सगळं फोल आहे हेही कळलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मलापण नाही," जस्टिन म्हणाला. आणि कसं कोण जाणे, त्यावर दोघंही थोडं हसले.

शेवटचा भाग त्यांनी एकत्र पाहिला. ठरवून, एका रविवारी, त्याची सुट्टी असताना. त्याने तिकडे "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोघांनी एकदम बटण दाबलं. फोन दयाबाईंनी उशीवर ठेवला होता. तिकडची मालिका इकडच्याहून किंचित पुढे होती, त्यामुळे प्रत्येक किंकाळी त्यांना दोनदा ऐकू येत होती, आधी फोनमधून, मग टीव्हीतून.

शेवट वाईट होता. एक नवाच दुष्ट माणूस कुठून तरी उगवला, सगळ्या आगी त्यानेच लावल्या असं निघालं, आणि तेप्पेईने अख्ख्या शहराचा जाळ एकदम हातावर गुंडाळला. कोहारूने काहीच केलं नाही. मिसाओला एक वाक्य मिळालं.

"हे काय?" दयाबाई म्हणाल्या. "एवढी चांगली माणसं गोळा केली आणि शेवटी कामाला एकटाच?"

"घाई झाली त्यांना. पैसे संपले असतील, माणसं संपली असतील."

"किती मार्क देशील?"

"आधीच्या भागांना सत्तर. शेवटाला पस्तीस."

"पस्तीस जास्त होतात. पण देऊ, पास करू."

नावं वर सरकत गेली. त्यातलं त्यांना काहीच वाचता येत नव्हतं आणि जस्टिननेही आपलं नाव आहे की नाही ते सांगितलं नाही. मग पडदा काळा झाला. दयाबाईंना वाटलं, आता तो "ठेवतो" म्हणेल. तो म्हणाला नाही. फोनमधून कुठेतरी लांब रेल्वे गेल्याचा आवाज आला, मग शेजारच्या खोलीतल्या कुणाची तरी खोकल्याची उबळ.

"मार्चपर्यंत इथला करार आहे," तो म्हणाला. "मग बघतो. येईन म्हणत नाही. नाही येणार असंही म्हणत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या नोव्हेंबरात कोल्हारला थंडी लवकर पडली. रविवारी फोन येत राहिला, पण मालिका संपली होती. पहिल्या खेपेला दोघंही अडखळले. "जेवलीस?" "जेवेन आता. तू?" आणि मग तीच जुनी शांतता. दयाबाईंनी मनातल्या मनात विषय शोधले. ज्ञानेश्वरीचं नवं मशीन, सहादेवभाऊंचा पाय. ते दोन वाक्यांत आटोपले.

"बरं मग, ठेवतोस?" त्यांनी विचारलं. "मला भाकरी टाकायच्या आहेत."

"टाक की," जस्टिन म्हणाला. "फोन तिथेच ठेव. मलापण भांडी घासायची आहेत."

त्यांनी फोन डब्यांच्या फळीवर उभा करून ठेवला. पीठ मळलं, तवा चढवला. पलीकडून नळाचा आवाज येत होता, मध्येच एखादं ताट वाजत होतं. पहिली भाकरी फुगली तेव्हा तिकडचा नळ बंद झाला आणि दयाबाई हात थांबवून ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला. त्यांनी दुसरा गोळा हातात घेतला.